आईबापांच्या माघारी

पाठपरिचय

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बरेचसे लेखन करुणेपाशी थांबते. मूल रडते, वाचक हळहळतो, आणि त्या मुलाच्या शाळेच्या दाखल्याचे पुढे काय झाले हे सांगायचे राहून जाते. प्रस्तुत पाठात एच.आय.व्ही.च्या साथीमुळे पोरक्या झालेल्या मुलांचा विचार केला आहे. त्यांना कोणी सांभाळले, शाळेचे दार त्यांच्यासाठी कसे बंद झाले व कसे उघडले, आणि कायद्याने त्यांना काय दिले, हे या पाठातून समजून घ्यावयाचे आहे.

१

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत पेरुंगुडी हे उपनगर आहे. एके काळी हे तळ्याकाठचे खेडे होते. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक-व्यवसायाच्या काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. मागे पळ्ळिकरणैची दलदल आहे. तिच्या कडेला शहराचा कचरा अनेक दशके टाकला जात असे. अशा ठिकाणी दोन प्रकारची माणसे शेजारी राहतात: इमारतींत काम करणारी, आणि त्या इमारती बांधणारी, झाडणारी, त्यांचा कचरा वेचणारी. दुसऱ्या प्रकारच्या घरात कर्ता माणूस आजारी पडला तर महिनाभरात घर कोलमडते.

पेरुंगुडीला लागूनच तरमणी आहे. तेथे डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या स्वयंसेवी आरोग्य सेवा संस्थेचे रुग्णालय आहे. त्याच आवारात एका मराठी आडनावाच्या संस्थेने अनेक वर्षे काम केले. ‘वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र’ हे तिचे नाव. संस्थेच्या संस्थापक डॉ. सुनीती सॉलोमन या पूर्वाश्रमीच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात १९३८ मध्ये त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या सातव्या आणि एकुलत्या एक मुलगी. दक्षिणेतील मराठी माणूस म्हटला की आपल्याला तंजावरचे भोसले आठवतात. व्यापाराच्या निमित्ताने तेथे स्थिरावलेल्या अशा कुटुंबांची आठवण क्वचितच होते. संस्थेला दिलेले नाव सुनीतीबाईंच्या वडिलांचे होते.

मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत काही वर्षे काम केले आणि १९७३ मध्ये त्या मायदेशी परतल्या. सूक्ष्मजीवशास्त्र हा त्यांचा विषय. अमेरिकेत १९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, तेव्हा भारतात हा रोग येणारच नाही असे अनेक जाणकारांना वाटत होते. ‘आमची कुटुंबव्यवस्था, आमचे संस्कार’ असा त्या विश्वासाचा आधार होता. सुनीतीबाईंनी आपल्या विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांना प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्या कामी त्यांचे पती त्यांना आपल्या स्कूटरवरून नेत असत. तपासणीची सोय चेन्नईत नव्हती, म्हणून नमुने घरच्या शीतकपाटात ठेवावे लागले. फेब्रुवारी १९८६ मध्ये हे पतिपत्नी रात्रीच्या गाडीने नमुने घेऊन वेल्लोरला गेले. तेथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. अमेरिकेतील फेरतपासणीतही तेच निष्पन्न झाले. भारतातील एच.आय.व्ही.ची ही पहिली नोंद होय.

या संशोधनाने देश हादरला, तसा रागावलाही. ज्या स्त्रियांच्या रक्तात विषाणू सापडला त्यांचे पुढे काय करावयाचे, याची तयारी कोणाचीच नव्हती. सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये शासकीय नोकरी सोडून स्वतःचे केंद्र उभारले ते याच उणिवेपोटी. केंद्राच्या नावात ‘संशोधना’च्या जोडीला ‘शिक्षण’ हा शब्द आहे, तो शोभेसाठी नव्हे.

२

या रोगाची एक रीत आहे आणि ती मुलांच्या दृष्टीने अत्यंत क्रूर आहे. उपचार नसतील तर संसर्ग झाल्यापासून आजार बळावेपर्यंत साधारणतः आठ-दहा वर्षे जातात. या काळात लग्न होते, मुले होतात, संसार मार्गी लागल्यासारखा वाटतो. मग बापाला ताप, खोकला, जुलाब यांनी घेरले जाते. औषधांसाठी आधी सोने मोडते, नंतर सावकार येतो, नंतर जमीन जाते. बाप जातो तेव्हा घरात कर्ज उरते, आणि त्याची सेवा करता करता आईही खंगलेली असते. दोन-चार वर्षांत तीही जाते. मलेरियासारख्या रोगात एक माणूस दगावतो आणि दुसरे उरते; येथे दोन्ही आधार एकामागोमाग एक कोसळतात. उरतात ती आजी आणि नातवंडे.

मुलांची शाळा मात्र आईबापांच्या मृत्यूनंतर सुटत नाही. ती त्याआधीच सुटते. बाप अंथरुणाला खिळला की थोरली मुलगी पाणी भरते, धाकट्यांना सांभाळते, रुग्णालयात डबा पोहोचविते. हजेरीपटावर प्रथम तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दिसू लागतात. शिक्षकाला कारण विचारण्याची सवड नसते आणि मुलीला ते सांगण्याची मुभा नसते, कारण घरातल्या मोठ्यांनी ‘बाहेर बोलू नकोस’ असे बजावलेले असते. ही ताकीद चुकीची आहे असे सहज म्हणता येईल. पण रोगाचे नाव बाहेर फुटल्यावर घरमालकाने घर रिकामे करावयास लावल्याच्या घटना ज्यांनी पाहिल्या त्यांना ती समजते.

येथे एक वैद्यकीय वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका कोणताही उपचार न झाल्यासही साधारणपणे शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. योग्य वेळी औषधे मिळाल्यास तो पाचाच्या खाली येतो. याचा अर्थ असा, की बाधित आईबापांची बहुसंख्य मुले स्वतः निरोगी असतात. तरीही गाव त्यांना रोगी समजते. बाधित मुलांची दुःखे निराळी, निरोगी असून बाधित ठरविलेल्यांची निराळी. आणि दोघांनाही एकाच बाकावरून उठविले जाते.

३

‘अनाथ’ म्हणजे ज्याला नाथ नाही तो. तमिळमधील ‘अनादै’ हा शब्दही याच संस्कृत शब्दापासून आलेला आहे. मराठीतील ‘पोरका’ या शब्दात मायेची उणीव अधिक जाणवते, तर ‘निराधार’ या सरकारी शब्दात अर्जाचा वास येतो. शब्दांचा हा भेद नुसता भाषेचा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आई किंवा वडील यांपैकी एक जरी दगावले तरी मुलाची गणना अनाथांत करतात. आपल्याकडील २०१५ चा बालन्याय कायदा मात्र आईवडील किंवा कायदेशीर पालक नसलेल्या, अथवा पालक सांभाळण्यास राजी वा समर्थ नसलेल्या बालकाला अनाथ म्हणतो. वडील वारलेले आणि आई खाटेवर, अशा मुलाचे काय? त्याच्यासाठी ‘जोखमीच्या स्थितीतील बालक’ असा एक बोजड शब्दप्रयोग रूढ झाला. शब्द बोजड असला तरी उपयोगी आहे, कारण आई जिवंत असतानाच त्या मुलाला मदत मिळण्याची वाट त्यातून निघाली.

पोरक्या मुलांना सांभाळण्याची जुनी रीत म्हणजे आश्रम. महाराष्ट्रात तिला मोठी परंपरा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम सुरू झाला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर मद्रासशी जोडलेलेच आहे. दक्षिणेत तीर्थाटन करीत असता १८७४ च्या सुमारास, अन्नान्नदशेत, त्यांचे आईवडील वारले. ही पोरकी मुलगी भावाबरोबर पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया तिने केडगावला आणल्या, ते केवळ धर्मकार्य म्हणून नव्हे. भूक कशी असते हे तिला ठाऊक होते. खुद्द चेन्नईत डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी १९३० च्या सुमारास निराधार मुलींसाठी ‘अव्वै इल्लम’ उघडले. अड्यार भागातील ही संस्था पेरुंगुडीपासून फार लांब नाही.

एड्सच्या साथीत ही जुनी रीत पुन्हा उपयोगास आली. एग्मोरच्या बालरुग्णालयातील डॉ. पी. मनोरमा यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी, कोणीही ठेवून घेण्यास तयार नसलेल्या बाधित मुलांसाठी चेन्नईत निवारा सुरू केला. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये ‘मानव्य’ची स्थापना केली. पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’, लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांचे ‘सेवालय’ ही याच वाटेवरची नावे. त्या काळी मुलांसाठी औषध नव्हते. आश्रमात आलेले मूल मोठे होईल याची खात्री नसताना त्याला बाराखडी शिकवावयाची, त्याचा वाढदिवस करावयाचा, हे काम ज्यांनी केले त्यांच्या धैर्याला तोड नाही.

तथापि आश्रम हे सर्वांसाठी उत्तर नव्हे, हेही तितकेच खरे. आश्रमात गेलेले मूल आपल्या आजीपासून तुटते, भावंडांपासून तुटते. गावाकडच्या जमिनीत त्याचा वाटा असतो तो चुलत्यांच्या नावे कधी चढला हे त्याला कळतही नाही. सातबारा पाहणारे कोणी उरत नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच त्याला आश्रमाबाहेर पडावे लागते, तेव्हा सणासुदीला जावे असे एकही घर त्याच्याजवळ नसते. बालन्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, तो यासाठी. पहिला उपाय म्हणजे मुलाला त्याच्याच घरी, आजीजवळ, मावशीजवळ राहू देणे आणि त्या घराला हात देणे. हे काम आश्रम चालविण्यापेक्षा अवघड आहे. आश्रमाची इमारत देणगीदाराला दाखविता येते. आजीच्या घरी वेळेवर पोहोचलेला तांदूळ दाखविता येत नाही.

४

शाळेचा प्रश्न सर्वांत कठीण ठरला. केरळात कोल्लम जिल्ह्यात दोन बाधित भावंडांना शाळेत घेण्यास इतर पालकांनी विरोध केला. २००३ मध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्या मुलांना सर्वांसमक्ष जवळ घेतले, त्याचे छायाचित्र देशभर पोहोचले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये, हासेगाव येथे तोच प्रकार घडला. ‘सेवालया’तील मुले गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी आपली मुले शाळेत पाठविणे थांबविले. प्रशासन, पुढारी, पत्रकार सर्वांना मध्ये पडावे लागले.

या पालकांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या मनात जी भीती होती तिची जात मराठी समाजाला परिचित आहे. ती विटाळाची भीती होय. स्पर्शाने, सावलीने, एकत्र पाणी पिण्याने काही तरी लागते, ही समजूत शतकानुशतके रुजलेली. तिला या रोगाने नवे निमित्त दिले. हा विषाणू एका बाकावर बसल्याने, एका डब्यातून जेवल्याने, खोकल्याने, डासाने अथवा एकाच स्वच्छतागृहाच्या वापराने पसरत नाही. तो बाधित रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी वा स्तनपानातून जातो. खेळताना मुलाचा गुडघा फुटला तर काय, हा पालकांचा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर ठामपणे दिले पाहिजे: कोणत्याही मुलाचे रक्त पुसताना हातमोजे घालावेत, जखम धुऊन झाकावी. हा नियम सर्व मुलांना सारखाच लागू असला की कोण बाधित आहे हे जाणून घेण्याची गरजच उरत नाही.

या वादाला खरे वळण लागले ते औषधाने. १ एप्रिल २००४ रोजी देशातील आठ केंद्रांवर एच.आय.व्ही.ची औषधे विनामूल्य देण्यास आरंभ झाला. चेन्नईजवळील तांबरमचे शासकीय वक्षरोग रुग्णालय आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय ही त्यांपैकी दोन. मुलांच्या वजनाला बेतलेली औषधे नोव्हेंबर २००६ पासून मिळू लागली. त्याआधी मोठ्यांची गोळी मोडून, अंदाजाने तुकडा करून मुलांना द्यावी लागे. औषध सुरू झालेली मुले धावू लागली, त्यांचे वजन वाढले, आणि शिक्षणाचा प्रश्न निराळ्याच रूपात पुढे आला. ‘याला किती दिवस’ असे विचारणारी आजी आता ‘याला दहावीला बसविता येईल का’ असे विचारू लागली.

तमिळनाडू शासनाने २००९ मध्ये एड्सबाधित कुटुंबांतील मुलांसाठी एक न्यास स्थापन केला. आरंभी पाच कोटी रुपयांची ठेव ठेवून तिच्या व्याजातून मुलांचे पोषण व शिक्षण यांस साहाय्य द्यावे, अशी ही योजना. मुद्दल अबाधित राहावे आणि व्याज मुलांना मिळावे, ही कल्पना साधी पण दूरदृष्टीची. अनुदानावर चालणारे काम अंदाजपत्रक बदलले की थांबते, आणि शाळेतील मुलाला मध्येच थांबणे परवडत नाही. अशी मुले ओळखून त्यांची नावे पुढे आणण्यात बाधित व्यक्तींच्या स्वतःच्या संघटनांचे महत्त्व फार. भारतातील बाधित व्यक्तींची राष्ट्रीय संघटना १९९७ मध्ये चेन्नईतच स्थापन झाली. पुढच्याच वर्षी पी. कौसल्या यांनी बाधित स्त्रियांची संघटना उभी केली. पतीकडून संसर्ग झालेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर सासरहून घालवून दिलेल्या तरुण विधवांना बोलावयास हक्काची जागा मिळाली. ज्या घराचे दार सरकारी सेविकेला उघडत नाही ते अशा बाईला उघडते.

५

मदत म्हणजे काय, याचा तपशील पाहिला तर तो अगदी साधा निघतो. वह्या, गणवेश, बसचा पास. शिधापत्रिकेवर मुलांची नावे. आईवडिलांचे मृत्युदाखले, कारण त्यांच्यावाचून कोणताही अर्ज पुढे सरकत नाही. दुपारचे जेवण शाळेत मिळतेच. तमिळनाडूत ही प्रथा कामराजांच्या काळापासून, १९५६ पासून आहे, आणि २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही मिळू लागली. रिकाम्या पोटी औषध घेतल्यावर ज्या मुलाला मळमळते त्याच्यासाठी ही न्याहारी औषधाइतकीच मोलाची. शिवाय महिन्यातून एकदा औषध आणण्यासाठी रुग्णालयात जावे लागते. त्या दिवशीच्या गैरहजेरीबद्दल वर्गात कारण न विचारणारा शिक्षक, हीसुद्धा मदतच आहे.

शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा पुरावा वा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसविले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. चौदा वर्षांनंतरचा रस्ता मात्र अरुंद आहे. आजारी आईपायी दोन वर्षे शाळा बुडालेली सोळा वर्षांची मुलगी पुन्हा आठवीच्या बाकावर बसावयास लाजते. तिच्यासाठी मुक्त विद्यालयाची सोय आहे. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय करून उत्तीर्ण होता येते. सकाळी घरकाम, दुपारी शिवणकाम आणि रात्री अभ्यास करणाऱ्यांना ही सवलत किती मोठी आहे, हे या पुस्तकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

कोरोनाच्या साथीत हे सारे पुन्हा आठवावे लागले. २०२१ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत आई व वडील दोघेही गमावलेल्या मुलांची संख्या देशभर वाढली. तमिळनाडू शासनाने अशा प्रत्येक मुलाच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव जाहीर केली. केंद्राने वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळतील अशी योजना आखली. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचे मासिक साहाय्य २०२३ मध्ये २२५० रुपये झाले. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाला ते मिळते. एक फरक मात्र नमूद केला पाहिजे. कोरोनाने पोरके झालेल्या मुलांबद्दल समाजाला कणव वाटली; एड्सने पोरके झालेल्यांच्या वाट्याला ती सहजी आली नाही. मूल तेच, दुःख तेच. मृत्यूचे कारण काय लिहिले आहे एवढ्यावरून शेजारी दार उघडावयाचे की लावावयाचे हे ठरवीत होते.

संसदेने २०१७ मध्ये एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संमत केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो अमलात आला. बाधित असल्याच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणे वा वेगळे बसविणे त्याने बेकायदा ठरविले. त्यातील एक कलम विशेष लक्षात राहण्याजोगे आहे. एड्सग्रस्त कुटुंबातील बारा ते अठरा वर्षे वयाच्या, घरचा व्यवहार समजण्याइतकी परिपक्वता असलेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून मान्यता मिळते. शाळेतील प्रवेश, बँकेचे खाते, औषधोपचार, मालमत्तेची देखभाल या कामांसाठी ही मान्यता आहे. कायदा करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली आहे: कित्येक घरांत आईबाप गेल्यावर घर सांभाळणारी व्यक्ती स्वतःच शाळकरी असते.

डॉ. सुनीती सॉलोमन यांचे २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांचे काम सुरू झाले त्या वर्षांत जन्मलेली बाधित मुले, जी औषधे येईपर्यंत तगली, ती आता तिशीपलीकडे गेली आहेत. त्यांतील कित्येक जण नोकरी करतात, कित्येकांची लग्ने झाली, आणि वेळेवर औषधे घेतलेल्या आयांची बाळे निरोगी जन्मली. शाळेच्या अर्जातील ‘पालकाचे नाव’ या रकान्यात आता ते स्वतःचे नाव लिहितात.

स्वाध्याय

१. मुलांची शाळा आईबापांच्या मृत्यूआधीच सुटते, असे पाठात का म्हटले आहे? तीन-चार वाक्यांत लिहा.

२. ‘अनाथ’, ‘पोरका’, ‘निराधार’ या शब्दांच्या अर्थच्छटा स्पष्ट करून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

३. आश्रम आणि नातेवाइकांचे घर यांपैकी मुलासाठी कोणती व्यवस्था बरी? पाठातील मुद्दे घेऊन आपले मत मांडा. आपल्या मताविरुद्ध जाणारा एक मुद्दाही लिहा.

४. हासेगावातील एखाद्या पालकाची भीती आणि तिला शिक्षकाने दिलेले उत्तर, अशा स्वरूपाचा दहा ओळींचा संवाद लिहा.

५. तुमच्या परिसरातील एखाद्या मुलाला बालसंगोपन योजनेचा लाभ हवा आहे. त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील याची स्थानिक कार्यालयात चौकशी करा आणि त्या मुलाच्या आजीच्या वतीने अर्जाचा मसुदा तयार करा. मुलाचे खरे नाव लिहू नका.